मामंजी म्हणतात पास्त्यानं पोट भरत नाही, आता काय करू?

पत्र असं आहे:

"ताई, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. घरात आम्ही सहा माणसं, मामंजी, आत्या, मी, हे आणि दोन पोरं. माझी नोकरी एका पतसंस्थेत, घरात पाऊल टाकायला सात वाजतात. पोरांचा लई हट्ट म्हणून गेल्या आठवड्यात मोबाइलवर बघून एकाच भांड्यातला पास्ता केला. लोखंडी कढईत पास्ता, टोमॅटो, दूध, चीज, पाणी सगळं एकदम घातलं, झाकण ठेवलं आणि बारीक गॅसवर सोडून दिलं. गिच्च गोळा झाला, दूध फाटलं, बुडाला लागलं ते वेगळंच. पोरांनी कसाबसा खाल्ला. आत्यांनी विचारलं ह्यात अंडं असतंय का, आणि नुसता चमचा फिरवत बसल्या. मामंजी दोन घास खाऊन उठले, म्हणाले, पोरी, ह्यानं पोट भरायचं न्हाई बघ, आणि दूध-चपाती खाऊन झोपले. हे साडेनऊला शिरोली एमआयडीसीतनं आले तोवर त्याचा दगड झालेला. मला त्या रात्री रडूच आलं. रोज भाजी, आमटी, भात, भाकरी, चपाती एवढं सगळं आता जमत नाही, आठवड्यातनं एक दिवस तरी एका भांड्यात सगळ्यांचं जेवण व्हावं एवढंच म्हणणं आहे. का पास्त्याचा नाद सोडून देऊ?"

नाद सोडू नका. आणि रडू आलं त्यात काही चुकीचं नाही हो, दिवसभर काउंटरवर बसून आल्यावर ओट्याशी उभं राहायचं आणि केलेलं कुणी खाल्लं नाही की जीव खट्टू होणारच. आठवड्यातनं एक दिवस एकाच भांड्यात स्वयंपाक व्हावा हे तुमचं म्हणणं एकदम रास्त आहे, त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका, घरात कुणाची परवानगी मागायचीसुद्धा गरज नाही.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मामंजींचं आहे. ते बरोबर बोलले. टोमॅटो, दूध आणि चीज घातलेला पास्ता हा पोरांचा संध्याकाळचा खाऊ झाला, शाळूची भाकरी आणि कोरड्यास खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला त्यानं जेवल्यासारखं कसं वाटेल? त्यांच्या ताटात आयुष्यभर रोज काहीतरी डाळ नाहीतर कडधान्य होतं, तुरीची आमटी असेल, मटकीची उसळ असेल, हुलग्याचं माडगं असेल, आणि तुमच्या कढईत नेमकं तेच नव्हतं. तेव्हा माझा सल्ला एका ओळीत सांगायचा तर पास्ता आहे तोच ठेवा, चीज कमी करा आणि त्यात अख्खा मसूर घाला.

हे मी काही जुगाड म्हणून सांगत नाही. इटलीत घराघरात पास्ता असाही करतात, आपल्याकडं हॉटेलातला लाल सॉस आणि पांढरा सॉस तेवढा पोचला आणि घरातला पास्ता तिकडंच राहिला. तिकडं पास्ता ए फाजोली म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याबरोबरचा पास्ता, पास्ता ए चेची म्हणजे काबुली चण्याबरोबरचा आणि पास्ता ए लेंतिक्ये म्हणजे चक्क मसुराबरोबरचा. हे शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचं जेवण, मटण परवडायचं नाही म्हणून कडधान्य शिजवायचं आणि त्याच भांड्यात, त्याच्याच पाण्यात पास्ता सोडायचा, वेगळं उकडून पाणी फेकून देणं वगैरे काही नाही. नेपल्सकडं तर हे इतकं दाट करतात की पातळ सूप आणि घट्ट भात याच्या मधलं काहीतरी होतं, आणि पाकिटात तळाला उरलेला चार तऱ्हेचा मोडका पास्ता एकत्र करून वापरायची तिथं पद्धतच आहे. आता हे ऐकून तुम्हाला काय आठवलं? चकोल्या. आमटीत कणकेचे तुकडे सोडून शिजवलेल्या, वरनं तूप. गव्हाचं काहीतरी डाळीच्या पाण्यात शिजवून एका भांड्यात सगळं जेवण करायचं हे मामंजींना आणि आत्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितेय. त्यांना वाढताना सरळ सांगा की आज इटलीतल्या मसुराच्या चकोल्या केल्यात. खोटं नाहीये त्यात काही.

आणि पोटाचं म्हणाल तर मसुरात साधारण शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, पास्त्यात त्याच्या निम्मी. गव्हात लायसिन नावाचा जो प्रथिनाचा घटक कमी पडतो तो कडधान्यात भरपूर असतो, म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की जेवण पुरं होतं, आणि मसुराच्या सालीतल्या चोथ्यानं पोट बराच वेळ भरलेलं राहतं, रात्री अकराला परत डबे हुडकायची वेळ येत नाही.

आता मागच्या वेळेला काय झालं ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सोपं आहे. चार गोष्टी एकदम झाल्या. एक तर पास्ता गार पाण्यात पडला आणि बारीक गॅसवर बसला. पास्ता उकळत्या पाण्यात पडला की त्याची वरची बाजू लगेच शिजून बसते, कोमट पाण्यात पडून राहिला की वरचा स्टार्च विरघळत राहतो आणि पास्त्याला पास्ता चिकटतो. दुसरं, झाकण. झाकण ठेवलं की आपण ढवळत नाही, आणि एका भांड्यातल्या पास्त्याला ढवळणं लागतंच, विशेषतः पहिली दोन मिनिटं. तिसरं दूध, ते टोमॅटोच्या आंबटपणात उकळत राहिलं तर फाटणारच, दूध-साय जे काही असेल ते गॅस बंद केल्यावर. आणि चौथं भांडं. लोखंडी कढई भाकरीबरोबरच्या पिठल्याला छान पण टोमॅटो त्यात वीस मिनिटं शिजला की काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते, पितळेचं भांडं असेल तर त्याला कल्हई पाहिजे. तुमच्याकडं पाच लिटरचा स्टीलचा नाहीतर हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कुकर असेलच, तोच आपलं एक भांडं.

हां, आणि पाकीट बघा. मागं घटकात ड्युरम गहू नाहीतर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं पाहिजे. ड्युरम हा टणक जातीचा गहू, आपल्याकडं ज्याला बन्सी म्हणतात तो त्यातलाच, आणि खिरीला वापरतो तो खपली म्हणजे त्याच्याच घराण्यातला जुना गहू. ह्या गव्हातलं प्रथिन चांगलं घट्ट असतं, ते आतला स्टार्च धरून ठेवतं म्हणून शिजला तरी आकार राहतो. मैद्याचा सुटा पास्ता स्वस्त मिळतो पण एका भांड्यात शिजवायला तो उपयोगाचा नाही, पाण्यात निम्मा विरघळून जातो, आणि तुमच्या गोळ्यात निम्मा हात त्याचाच असावा अशी मला दाट शंका आहे.

आत्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याचं नीट उत्तर द्या त्यांना. वाळलेल्या साध्या पास्त्यात गहू आणि पाणी एवढंच असतं, अंडं नसतं. अंड्याचा पास्ता असतो, पण आपल्याकडं अंडं घातलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका देताच येत नाही, म्हणून हिरवा ठिपका बघून घ्यायचं आणि पाकीट आत्यांच्या हातात द्यायचं, त्यांनाच बघू दे. चीजच्या पाकिटावरही तोच ठिपका बघा. माणसाला काय खातोय याची खात्री असली की निम्मं जेवण तिथंच गोड लागतं.

आता करायचं कसं ते सांगते, सहा माणसांचं माप.

सकाळी कामावर जाताना एक मोठी वाटी अख्खा मसूर, साधारण दीडशे ग्रॅम, धुऊन भिजत घाला. उन्हाळा असेल तर भांडं फ्रिजात ठेवा, बाहेर दिवसभरात त्याला वास येतो. विसरलात तरी चालतंय, मसूर हे भिजवल्याशिवाय शिजणारं कडधान्य आहे, दोन शिट्ट्या जास्त लागतील एवढंच, म्हणून तर मी राजमा-चणे न सांगता मसूर सांगितला. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडं अख्खा मसूर म्हटल्यावर तोंडाला पाणी न सुटणारं घर मला तरी माहीत नाही.

संध्याकाळी आल्यावर आधी चहा घ्या. खरंच घ्या. मग कुकरमध्ये तीन मोठे चमचे शेंगतेल तापवून त्यात आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन कांदे बारीक चिरून, दोन गाजरं बारीक तुकडे करून, कांदा मऊ होऊन कडेनं तांबूस व्हायला लागेपर्यंत परता, पाच-सहा मिनिटं जातात, इथं घाई करू नका कारण पुढं सगळं उकळणारच आहे, भाजल्याची चव यायची जागा ही एवढीच. मग कांदा-लसूण चटणी. एक भरून छोटा चमचा, जास्त नको. घरच्या चटणीत संकेश्वरी-ब्याडगी मिरचीबरोबर खोबरं, तीळ, धणे, लसूण सगळं असतं, तेवढ्या एका चमच्यानं अख्ख्या भांड्याला रंग आणि वास येतो आणि पोरांना झोंबत नाही. चटणी घातल्यावर गॅस बारीक करून अर्धा मिनिट परता, करपली की कडू होते. मसूर निथळून घाला, सव्वा लिटर गरम पाणी, झाकण लावून मोठ्या गॅसवर एक शिट्टी आणि नंतर बारीक गॅसवर तीन-चार मिनिटं. न भिजवलेला असेल तर तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ दे.

टोमॅटो मी अजून घातला नाही हे बघितलंत का? आंबट पदार्थ आधी पडला की कडधान्याची साल लवकर मऊ होत नाही, मसूर टणक राहतो आणि आपण शिट्ट्यांवर शिट्ट्या काढत बसतो. टोमॅटो कायम मागनं.

वाफ जाते तोवर चार-पाच लालबुंद टोमॅटो बारीक चिरून नाहीतर किसून घ्या, एक मोठी ढबू मिरची चिरा, पालकाची अर्धी पेंडी धुऊन हातानंच तोडा. दुसऱ्या गॅसवर अर्धा लिटर पाणी गरम करून ठेवा, हे पाणी हाताशी असणं महत्त्वाचं, कारण मसूर किती पाणी पितो हे प्रत्येक वेळेला वेगळं असतंय आणि मधेच गार पाणी ओतलं की उकळी मोडते.

कुकर उघडला की डावानं तळ खरवडून घ्या, मसूर खाली बसलेला असतो. बोटानं एक दाणा दाबून बघा, मऊ पाहिजे, थोडे दाणे फुटलेले असले तर उत्तमच, त्यानंच रस्सा दाट होतो. आता गॅस मोठा, टोमॅटो घाला, मीठ दीड छोटा चमचा घाला. मिठाचं लक्षात ठेवा, पास्ता वेगळा उकडताना पाणी खारट करायला सांगतात ते पाणी नंतर फेकून देतात म्हणून, इथं एक थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही, शिवाय चटणीत आणि चीजमध्ये मीठ आहेच. कमी पडलं तर शेवटी घालता येतं. तीन-चार मिनिटं टोमॅटो खळखळू दे आणि मग त्या उकळीत साडेतीनशे ग्रॅम पास्ता सोडा. नुसता पास्ता असता तर सहा जणांना पाचशे ग्रॅमचं अख्खं पाकीट लागलं असतं, मसुरामुळं एवढा पुरतो. आकार छोटा घ्या, मॅकरोनी नाहीतर शंख, शंखात मसूर जाऊन बसतात आणि चमच्यानं खाता येतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काट्या-चमच्याच्या भानगडीत पाडायचं नाही. स्पॅगेटीच पडून असेल तर दोन-दोन इंचाचे तुकडे करून घाला.

पास्ता बुडेल एवढा रस्सा वर पाहिजे, नसेल तर त्या गरम पाण्यातलं घाला. कुकरचं झाकण आता लावायचं नाही, पास्ता फेसाळतो आणि शिट्टीच्या नळीत फेस अडकू शकतो. उघडाच, मध्यम गॅसवर, चांगले बुडबुडे येत राहतील असा. पहिली दोन मिनिटं सारखं ढवळा, नंतर दर दोन मिनिटांनी एकदा तळापासनं. पाकिटावर नऊ मिनिटं लिहिलं असेल तर दाट रस्स्यात अकरा-बारा लागतात. ढबू सातव्या-आठव्या मिनिटाला, पालक अगदी शेवटच्या मिनिटाला, म्हणजे हिरवा राहतो. एक तुकडा काढून मधनं कापा, आत पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा.

आणि आता कान देऊन ऐका, गॅस बंद कधी करायचा ते. तुम्हाला वाटेल की अजून पातळ आहे, आमटीसारखं आहे, तेव्हाच बंद करायचा. पास्ता आणि मसूर दोन्ही गॅस बंद झाल्यावरसुद्धा पाणी पीत राहतात, पाच मिनिटांत ते ताटात पाहिजे तेवढं दाट होतं. भांड्यात दाट दिसेपर्यंत थांबलात की ताटात गोळा आलाच. बंद केल्यावर दोन मोठे चमचे साय फेटून घाला, आपल्याकडं म्हशीच्या दुधाला काय जाड साय येते, ती असताना क्रीमचं पाकीट आणायचं कारण मला कधी कळलं नाही. कोथिंबीर घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि सगळ्यांना हाका मारा. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ कुकरचा आहे, तेवढ्यात हातपाय धुऊन पोरांचा अभ्यास बघून होतो.

आत्यांचं परत एकदा. इटलीत पास्ता दाताखाली थोडा टणक राहिला पाहिजे म्हणतात, ते सॉसबरोबरच्या पास्त्याला ठीक. तुमच्या घरात आत्यांना तो वातड लागत असेल आणि म्हणून चमचा फिरवत बसल्या असतील, तर सरळ दोन मिनिटं जास्त शिजवा, पूर्ण मऊ होऊ दे. कडधान्याबरोबरचा पास्ता मऊच छान लागतो. ड्युरमचा असला तर मऊ होऊनही मोडत नाही.

मामंजींचं तिखट. एका भांड्यात पोरं आणि मामंजी दोघांचं तिखट कसं सांभाळायचं हा आपल्या कोल्हापुरातला कायमचा प्रश्न, आणि उत्तर मिसळवाल्यांनी कधीच देऊन ठेवलंय, कट वेगळा. फोडणीच्या पळीत दोन चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, त्यात एक चमचा कांदा-लसूण चटणी टाकून वर दोन चमचे गरम रस्सा. लालभडक कट होतो. तो वाटीत ताटाशेजारी ठेवा, ज्याला जेवढा पाहिजे तेवढा तो घेईल. पोरांच्या ताटात त्याऐवजी किसलेलं चीज आणि ओरिगॅनो, त्यांना तो पिझ्झ्याचा वास पाहिजे असतो, मिळू दे. अख्ख्या भांड्यात मात्र ओरिगॅनो घालू नका, चटणी आणि ओरिगॅनो एकमेकांशी भांडतात आणि दोन्हीची चव जाते. मामंजींना वरनं बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. दोन घासांनंतर ते उठणार नाहीत असं मला मनापासनं वाटतंय.

भाकरीचं काय? त्या दिवशी भाकरी करू नका. हे मी कडक शब्दात सांगते कारण मला माहितेय तुम्ही करणार, म्हणजे मामंजींसाठी दोन भाकरी, आत्यांसाठी थोडा भात, असं करत करत परत तीन भांडी होतात आणि एका भांड्याचा अर्थच जातो. बेकरीतनं स्लाइस ब्रेड आणा. आपल्या मिसळीबरोबर आपण स्लाइसच तर खातो, रस्सा आणि कट पुसून खायला मामंजींना काही शिकवावं लागणार नाही. सकाळची भाकरी उरलेली असेल तर ती तव्यावर कडक करून द्या, कुस्करून खाल्ली तर फारच छान, पण नवीन थापायची नाही. आणि तुम्ही सगळ्यांच्या बरोबर बसायचं. भांडं मधे ठेवायचं, डाव त्यात, ज्याला पाहिजे तो घेईल. गरम-गरम पोळ्या पोचवायच्या नसल्यामुळं त्या रात्री तुम्हाला ओट्याशी उभं राहायचं कारणच नाही, आणि माझ्या मते ह्या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई तीच आहे. घरातली बाई ताट वाढून घेऊन पहिल्या घासापासनं सगळ्यांबरोबर जेवतेय हे पोरांनी बघितलं पाहिजे.

आता साडेनऊला येणाऱ्यांचं. एका भांड्यातला पास्ता दीड-दोन तास थांबत नाही, कुणीही कितीही सांगू दे, तो सगळा रस्सा पिऊन फुगून बसतो. म्हणून पास्ता घालायच्या आधीच, टोमॅटो खळखळून झाल्यावर, दोन डाव भरून मसुराचा रस्सा एका छोट्या पातेल्यात काढून ठेवा आणि शेजारी एका वाटीत त्या साडेतीनशे ग्रॅमातलाच साठ-सत्तर ग्रॅम कोरडा पास्ता मोजून ठेवा. हे आले की रस्सा उकळायचा, अर्धा पेला गरम पाणी घालायचं, पास्ता सोडायचा, बारा मिनिटं. आणि हे काम त्यांनी स्वतः करायचं, तुम्ही उठायचं नाही. शिफ्ट करून दमून येतात हे मान्य, तुम्हीही दमूनच आलेल्या असता. पातेलं, वाटी, पळी सगळं मांडून ठेवलेलं असताना बारा मिनिटं ढवळणं कुणाही माणसाला जमतं, आणि गरम गरम मिळाल्यावर त्यांनाही बरंच वाटेल.

श्रावणात कांदा-लसूण बंद असेल तर कांद्याऐवजी बारीक चिरलेला कोबी आणि गाजर परता, आलं-जिरं घाला, चटणीऐवजी साधं लाल तिखट आणि चिमूटभर हिंग, बाकी सगळं तेच. मसुराचा कंटाळा आला तर मटकी चालते, पण मोड आलेली मटकी कुकरला लावू नका, पार लगदा होतो, उघडीच दहा मिनिटं शिजवून मग पास्ता. काबुली चण्यांना रात्रभर भिजवणं आणि पाच-सहा शिट्ट्या लागतात, ते सुट्टीच्या दिवशी. आणि घरात मटण होत असेल तर सोमवारी उरलेल्या तांबड्या रश्श्यात दुप्पट पाणी घालून उकळी आणून त्यात पास्ता शिजवून बघा, वर लिंबू पिळा, फार म्हणजे फारच सुंदर लागतं. पांढऱ्या रश्श्यात मात्र नको, नारळाचं दूध उकळत राहिलं की फुटतं.

पहिल्यांदा करताना गुरुवार-शुक्रवार असा कामाचा दिवस न निवडता शनिवारी करा, हातात थोडा वेळ असला की पाण्याचा अंदाज येतो, आणि किती पाणी जादा लागलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, तुमच्या कुकरचं, तुमच्या गॅसचं माप तुम्हालाच कळणार.

उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते घट्ट वडीसारखं दिसेल, घाबरू नका. वाटीभर पाणी घालून बारीक गॅसवर मोकळं होईपर्यंत ढवळा, लिंबू पिळून नाष्ट्याला घ्या. पोरांच्या डब्यात देऊ नका, दुपारपर्यंत परत घट्ट होतो आणि डबा तसाच घरी येतो.